नदीवर कधी जावं? भीमा ते ऱ्हाईन

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत मधुमेह झाला, मृत्युपत्र झालं, गच्चीवरची सौरऊर्जा झाली. मला सेक्रेटरींनी विषय दिलाय, ‘युरोपातली नदीवरची क्रूझ: कोणत्या महिन्यात जावं?’ कारण तुम्हाला माहीतच आहे. आपल्यातली पाच जोडपी दोन वर्षांपासून त्यासाठी पैसे बाजूला टाकतायत. ग्रॅच्युइटीतला पैसा आहे तो. आयुष्यात एकदाच जाणार, म्हणजे तारीख चुकली तर ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायची सोय नाही.

खाली नोटीस बोर्डावर दुसराही एक कागद लागलाय. मुलांना सुट्टी असते म्हणून मे महिन्यात उजनीला बोटीची कौटुंबिक सहल. दुपारी जेवून निघायचं, संध्याकाळी बोटीत बसायचं. मी दोन्ही विषय एकत्रच घेणार आहे, कारण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे. नदीवर जायचं, तर तारीख कुणाला विचारायची?

इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी चिंचोळी एमआयडीसीत पाळ्या केल्यात. मी स्वतः मेंटेनन्सला होतो. शटडाऊन कधी घ्यायचा हे आपण भिंतीवरच्या कॅलेंडरला विचारत नव्हतो. मशीन काय म्हणतंय ते आधी बघायचो, मग कॅलेंडरमध्ये जागा शोधायचो. नदीचंही तसंच आहे. तिला तीन गोष्टी विचारायच्या: पाणी किती आहे, वारा-पाऊस कसा आहे, आणि काठावर या दिवसांत बघण्यासारखं काय आहे. सुट्टी, तिकिटाचा दर, नातवंडांची शाळा हे सगळं त्यानंतर.

आपल्या लोकांना हे नवीन नाही. पंढरपूरला चंद्रभागेतून होडीनं विष्णुपदाला जायची पद्धत आहे. देव मार्गशीर्षात तिथं मुक्कामाला असतो अशी श्रद्धा, म्हणून त्या महिन्यात तिथं गर्दी होते. लोक डबे घेऊन जातात, वनभोजन करतात. श्रद्धेचा भाग श्रद्धेच्या जागी. पण नदीच्या हिशेबानं बघा, मार्गशीर्ष म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर. पूर ओसरलेला, ऊन सोसवणारं, आणि वळवाच्या वाऱ्याला अजून चार-पाच महिने अवकाश. होडीत बसायला याहून बरा महिना सापडणं अवघड.

आता उजनी. आपण नळाला येणाऱ्या पाण्यामुळं तिला ओळखतो, बोटीच्या दृष्टीनं फारसे बघत नाही. धरण माढा तालुक्यात, भीमेवर. जलाशयाचं नाव यशवंतसागर. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. म्हणून तर आपल्याकडे उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ अशी बातमी येते. धरण भरतं ते मुख्यतः पुणे जिल्ह्यातल्या घाटमाथ्यावरच्या पावसानं, जुलै ते सप्टेंबरात. मग वर्षभर पाणी उतरत राहतं आणि मे-जूनमध्ये तळ गाठतं. 2023 साली धरण पूर्ण भरलं नाही, आणि 2024 च्या उन्हाळ्यात साठा उणे 60 टक्क्यांच्या आसपास गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते पुन्हा भरलं. एकाच वर्षात ही दोन टोकं.

पाणी उतरणं ही बघणाऱ्याच्या दृष्टीनं वाईट गोष्ट नाही. भिगवणजवळ कुंभारगाव, डिकसळ या गावांतून मच्छीमार बांधव आपल्या होड्यांतून पक्षी दाखवायला नेतात. रोहित पक्ष्याला, म्हणजे फ्लेमिंगोला, उथळ पाणी आणि गाळ लागतो. धरण काठोकाठ असेल तर त्याला उभं राहायला जागाच नसते. पाणी जरा हटलं, दलदल उघडी पडली, की थवे येतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंसही हिवाळ्यातच दिसतात. साधारण डिसेंबरचा शेवट ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. ज्या वर्षी धरण पूर्ण भरलं असेल, त्या वर्षी थोडं उशिरा जायचं, इतकंच.

पळसदेवचं पाण्यात गेलेलं जुनं मंदिर बघायचं असेल तर मात्र उन्हाळाच लागतो. पाणी उतरेल तसं आधी शिखर, मग खालचं बांधकाम दिसतं. ते बघायला जरूर जा, पण सकाळी जा, आणि पाणी पुरेसं हटलं असेल तर पायी जा.

सकाळी का म्हणतो, ते स्पष्ट सांगतो. 21 मे 2024 ला संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात जण होते. एक जण पोहून काठाला आला. सहा जण गेले, त्यांत लहान मुलंही होती. ती माणसं मजा करायला निघाली नव्हती, त्यांचा तो नेहमीचा रस्ता होता. पाणी कमी होतं म्हणून धोका टळला नाही. मे महिन्यात दुपारनंतर आभाळ भरून येतं आणि बघता बघता वारं सुटतं, हे आपण इथं गच्चीवरचे कपडे उडताना दरवर्षी बघतो. मोकळ्या जलाशयावर त्या वाऱ्याला अडवायला काही नसतं.

म्हणून नोटीस बोर्डावरच्या सहलीबद्दल माझं म्हणणं असं, की ती मेमध्ये नको. जानेवारीतला एखादा रविवार घ्या. मुलांची शाळा बुडत नाही. पहाटे चारला गेटवरून बस निघाली तर मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर करत उजाडताना भिगवणला पोचतो. दोन तास होडी, दहा-साडेदहाला पुन्हा काठावर. लाईफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात, बांधलेलं. मांडीवर ठेवलेलं नाही. ज्या होडीत ते नसेल त्या होडीत आपलं मूल बसणार नाही, हे कमिटीनं आधीच ठरवून टाकावं.

आता युरोप. मुलगी जर्मनीत आहे, त्यामुळं आम्ही उभयता तिकडं राहून आलो आणि ऱ्हाईनचा काठ जवळून पाहिला. आपल्या मंडळींसमोर दोन पर्याय आहेत. एक ऱ्हाईन, साधारण ॲमस्टरडॅम ते बासेल. दुसरी डॅन्यूब, पासाऊहून व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा करत बुडापेस्टपर्यंत. 1992 पासून या दोन्ही नद्या कालव्यानं जोडलेल्या आहेत.

त्या नद्यांचं वेळापत्रक भीमेपेक्षा निराळं. आपली नदी पावसाळ्यावर जगते. त्यांना बाराही महिने थोडाफार पाऊस, आणि त्यात आल्प्सचा बर्फ वितळून वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाण्याची भर पडते. उन्हाळा सरताना आणि शरद ऋतूत पाणी उतरतं. म्हणजे आपली भीमा भरलेली असते तेव्हा ऱ्हाईन बऱ्याचदा ओसरत असते, आणि आपण मेमध्ये मायनसमध्ये असतो तेव्हा तिकडं पाणी चांगलं असतं.

पाणी कमी झालं तर काय होतं? ऱ्हाईनच्या काठी काउब नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या मोजपट्टीवर सगळ्या जहाजवाल्यांचा डोळा असतो. ऑक्टोबर 2018 मध्ये तो आकडा 25 सेंटिमीटरपर्यंत खाली आला होता. ही नदीची पूर्ण खोली नव्हे, मोजपट्टीवरचा आकडा आहे. पण तो तिथं आला की मोठी जहाजं अडतात. ऑगस्ट 2022 मध्येही पाणी असंच खूप खाली गेलं. अशा वेळी प्रवाशांना बसमध्ये बसवून पुढच्या गावी नेतात. नदीसाठी भरलेले पैसे आणि बघायला मिळतो महामार्ग! त्यातही नेमका बिंगेन ते कोब्लेंझ हा किल्ल्यांचा आणि द्राक्षमळ्यांचा पट्टा हुकायचा धोका असतो, ज्याला जागतिक वारशाचा दर्जा आहे.

उलटही होतं. पाणी फार वाढलं तर जहाज पुलाखालून जात नाही. जून 2013 मध्ये पासाऊला डॅन्यूबची पातळी जवळजवळ 12.9 मीटरवर गेली, 1501 नंतरचा तो सर्वांत मोठा पूर. सप्टेंबर 2024 मध्येही ऑस्ट्रियात पूर येऊन क्रूझची जहाजं व्हिएन्नाजवळ अडकली होती. तेव्हा शंभर टक्के खात्रीचा महिना कुठलाच नाही. बरा महिना आणि कमी बरा महिना, एवढंच आपल्या हातात.

आता एकेक हंगाम बघू. एप्रिलमध्ये हॉलंडात ट्यूलिप. कॉयकेनहोफची प्रसिद्ध बाग मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत फक्त आठेक आठवडे उघडी असते. सुंदर, पण हवा आपल्याला बोचणारी. जुलै-ऑगस्टात तिकडं सगळ्यांना सुट्ट्या, गर्दी आणि दर दोन्ही चढे. सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षाची तोडणी, हवा छान, पण ऱ्हाईनच्या पाण्याची धाकधूक. नोव्हेंबर अखेरपासून नाताळचे बाजार, रोषणाई देखणी. पण डिसेंबरात व्हिएन्नाला चार वाजता सूर्य मावळतो. काठावरचं गाव अंधारातच बघायचं, आणि वर थंडी.

राहिला मेचा उत्तरार्ध ते जूनचा मध्य. सर्वसाधारणपणे नदीत पाणी असतं, संध्याकाळी नऊपर्यंत उजेड असतो, एक पातळ स्वेटर आणि छत्री पुरते. माझं मत या काळाला आहे, आणि पहिल्या पसंतीची नदी ऱ्हाईन. आपल्याकडची शाळेची सुट्टीही तेव्हाच असते, तेव्हा आजी-आजोबांशिवाय घर कसं चालेल ही सुनांची काळजी थोडी हलकी होईल.

म्हणजे गंमत बघा. तोच मे महिना. उजनीवर टाळायचा, ऱ्हाईनवर साधायचा. सुट्टी दोन्हीकडे तीच, पण नदी निराळी.

जाणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा मेला जायचं तर डिसेंबरातच कागद गोळा करा. बुकिंग करण्याआधी ‘पाणी कमी-जास्त झालं तर काय?’ हा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. धक्क्यावर कधी कधी जहाजं एकाला एक लागून उभी असतात, दुसऱ्या जहाजातून चालत काठावर यावं लागतं, आणि जुन्या गावांतले रस्ते दगडी फरशीचे असतात. ज्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी आतापासून रोज सोसायटीला पाच फेऱ्या माराव्यात. आणि निघण्याआधी पंधरा दिवस काउबचा आकडा बघत राहा, आपण उजनीची टक्केवारी बघतो तसा.

गेल्या पंचवीस वर्षांत या सोसायटीनं टँकरचे उन्हाळेही पाहिले आणि पावसाळ्यात तळमजल्यावर शिरलेलं पाणीही पाहिलं. पाणी आपल्या सोयीनं येत-जात नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मग सहलीची तारीख ठरवतानाच ते का विसरायचं?

जानेवारीच्या उजनी सहलीसाठी सेक्रेटरींकडे वही ठेवलेली आहे. नाव लिहिताना मुलांची वयं लिहा, म्हणजे त्या मापाची जॅकेट्स आहेत की नाहीत हे आधी विचारून ठेवता येईल. युरोपला जाणाऱ्या पाचही जोडप्यांना सोसायटीतर्फे शुभेच्छा. परत आल्यावर याच सभागृहात फोटो दाखवायचे, चहा सोसायटीकडून.