कैलासाची वाट आणि पूर्वतयारीचे व्रत



कैलास-मानसरोवराचे दर्शन ही हिंदू मनाची युगानुयुगांची आस आहे. मध्यंतरी दीर्घकाळ बंद असलेली ही यात्रा १९८१ मध्ये उत्तराखंडातील लिपुलेख खिंडीच्या मार्गाने पुन्हा सुरू झाली. २०१५ मध्ये सिक्कीममधील नथु ला हा दुसरा मार्ग उघडला. २०२० पासून पाच वर्षे खंड पडला आणि जून २०२५ मध्ये यात्रेकरूंची पावले पुन्हा त्या वाटेला लागली. अनेक घरांतून आता यात्रेचे बेत होऊ लागले आहेत. अशा वेळी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक ठरते. श्रद्धा माणसाला वाटेवर आणते. ती वाट सुखरूप पार पाडण्याचे काम मात्र तयारीला करावे लागते.

उंचीचे गणित प्रथम ध्यानी घ्यावे. धारचुला हजार मीटरच्याही खाली आहे, गुंजी सुमारे ३,२०० मीटरवर, मानसरोवर सुमारे ४,५९० मीटरवर, तर परिक्रमेतील डोल्मा खिंड ५,६०० मीटरहून उंच. तेथील हवेतही प्राणवायूचे प्रमाण २१ टक्केच असते. परंतु हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा होतो. म्हणजे प्रत्येक श्वासात येथल्या निम्माच प्राणवायू शरीराच्या वाट्याला येतो. या परिस्थितीशी जुळवून घेण्याची शक्ती ईश्वराने शरीराला दिली आहे, पण त्यासाठी अवधी लागतो.

हा अवधी नाकारला तर काय होते, याचा धडा भारताने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी मैदानी प्रदेशातील जवानांना घाईने हिमालयाच्या उंचीवर न्यावे लागले. त्या काळातील १,९२५ जवानांच्या पर्वतीय आजाराचा अभ्यास सैन्यातील डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. जगभरच्या वैद्यकशास्त्राने त्याची दखल घेतली. हे जवान तरुण होते, कसलेले होते. तरीही उंचीने त्यांना गाठलेच. बळकट शरीर म्हणजे उंचीपासून अभय, हा समज म्हणूनच सोडून दिला पाहिजे.

पूर्वी लिपुलेखच्या मार्गावर कित्येक दिवस पायी चालावे लागे. त्या चालण्यात कष्ट होते, धोकेही होते. ऑगस्ट १९९८ मध्ये मालपा येथे दरड कोसळून दोनशेहून अधिक जणांचा बळी गेला, त्यांत सुमारे साठ यात्रेकरू होते. परंतु त्या संथ चालीत शरीर आपोआप उंचीला सरावत असे. आता वाहने पुष्कळ वरपर्यंत जातात. रस्ता सुधारला, फुप्फुसे मात्र तीच राहिली. म्हणूनच गुंजीसारख्या ठिकाणचा मुक्काम आणि तेथील वैद्यकीय तपासणी ही अडवणूक मानू नये. तो यात्रेचाच भाग आहे. स्वतंत्रपणे हिमालयात जाणाऱ्यांनीही नियम पाळावा : ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी.

तयारी घरापासूनच सुरू व्हावी. शासकीय यात्रेसाठी वय १८ ते ७० आणि उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक २५ किंवा त्याहून कमी, अशी अट आहे. निदान चार महिने आधी रक्तदाब, मधुमेह, हृदय व रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. रोज वेगाने चालणे, पाठीवर थोडे ओझे घेऊन जिने चढणे आणि प्राणायाम हा नित्यक्रम असावा. दर आठवड्याला एखादा गड चढावा. सह्याद्री पाय घडवतो, श्वासाला शिस्त लावतो. परंतु महाराष्ट्रातील सर्वोच्च कळसूबाईदेखील १,६४६ मीटरचीच आहे, हे विसरू नये. बूट नवे कोरे नेऊ नयेत, आधी वापरून मऊ करावेत. जाड एकाच कोटापेक्षा कपड्यांचे थर उपयोगी पडतात आणि घाम धरून ठेवणारे सुती कपडे अंगालगत नसावेत. काळा चष्मा, कानटोपी व नेहमीची औषधे हाताशी असावीत. डायमॉक्ससारखी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. पाणी पुरेसे प्यावे. मद्य आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण वर्ज्य.

याहून अवघड तयारी मनाची असते. डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश ही उंचीच्या त्रासाची पहिली चिन्हे. बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला, चालताना तोल जाणे, बोलण्यात असंबद्धता ही प्राणसंकटाची चिन्हे. अशा वेळी एकच खरा उपाय, विनाविलंब खाली उतरणे. प्राणवायूची नळकांडी आणि औषधे त्या उतरण्याला साहाय्य करतात, त्याची जागा घेत नाहीत. यात्रेकरू हे सारे जाणत असतात. तरीही परत पाठवतील या भीतीने पती पत्नीपासून, वडील मुलापासून त्रास लपवतात. ‘आयुष्यात एकदाच येणे होते’, हा विचार त्यामागे असतो. लपवलेली डोकेदुखी एका रात्रीत जिवावर बेतू शकते आणि त्या एकासाठी सहकाऱ्यांचा, वाटाड्यांचा व जवानांचाही जीव धोक्यात येतो.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने निघण्यापूर्वीच, घरात शांतपणे बसून ठरवावे : कुणाला त्रास झाल्यास सोबत कोण थांबेल, कोण परतेल. निर्णय डॉक्टरांचा आणि पथकप्रमुखांचा. त्यावर वाद नाही. संघटनेत अनुशासनाचा जो अर्थ, तोच येथे. स्वतःची इच्छा बाजूस ठेवून आजारी सोबत्याचा हात धरून जो डोल्मा खिंडीच्या अलीकडून मागे फिरतो, त्याची यात्रा अपुरी राहिली असे कोण म्हणेल?

कैलास युगानुयुगे उभा आहे, पुढेही उभा राहील. यात्रेकरूने घाई करू नये, आपला कचरा परत आणावा, सोबत्याला मागे सोडू नये आणि सुखरूप घरी यावे. देवदर्शनाला निघालेल्या माणसाचे घर त्याची वाट पाहत असते, हेही देवाला ठाऊक आहे.