नवजातांचा आजार आणि रिक्त जागा

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांपुढे सांगली येथे केलेले भाषण)



नवजात बालकाचा जंतुसंसर्ग ओळखणे कठीण असते. त्याला ताप येईलच असे नाही. ते दूध ओढेनासे होते, रडणे क्षीण होते, अंग गार पडते आणि पुष्कळदा एका दिवसात सारे संपते. रुग्णालयात हे जंतू बहुधा एका बाळाकडून दुसऱ्याकडे जातात ते माणसाच्या हातांवरून. प्रत्येक बाळाला स्पर्श करण्यापूर्वी हात धुवावेत, हा नियम परिचारिकांना पाठ आहे. परंतु तीन-चार बाळांमागे जिथे एक परिचारिका हवी, तिथे तिच्याकडे दहा-बारा बाळे सोपविली की नियम भिंतीवरच्या तक्त्यात राहतो. म्हणून हा आजार जितका जंतूंचा, तितकाच रिक्त जागांचा आहे असे मी मानतो.

नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २०२३ च्या ३० सप्टेंबर व १ ऑक्टोबर या दिवसांत, चोवीस तासांत, २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ अर्भके होती. अनेक रुग्ण अखेरच्या क्षणी आणले गेले, असे प्रशासनाने सांगितले. ते खोटे धरण्याचे कारण नाही. पण अखेरच्या क्षणी येणाऱ्यांसाठीच तर सरकारी दवाखाना असतो! नंतर सत्ताधारी खासदारांनी काय केले? अधिष्ठात्यांना शौचालय साफ करावयास लावले. त्याने परिचारिकेची एकही जागा भरली नाही. भंडाऱ्यात ९ जानेवारी २०२१ रोजी नवजात कक्षाला आग लागून १० बालके गेली, तेव्हाही गुन्हा दाखल झाला तो परिचारिकांवर.

आता आपल्याकडे वळू. साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयाला क्रांतिसिंह नाना पाटलांचे नाव आहे, सांगलीच्या रुग्णालयाला वसंतदादांचे. मिरजेत १९६२ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. माण, खटाव, जत, आटपाडीची अडलेली बाई अखेर इथेच येते. उसाच्या फडात आठव्या महिन्यापर्यंत मोळ्या वाहिलेली मराठवाड्यातली बाईही येते, आणि तिचे बाळ अनेकदा अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे असते.

अशा बाळासाठी एक स्वस्त उपाय आहे. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉक्टरांनी बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधली. ऊब मिळाली, अंगावरचे दूध मिळाले, संसर्गही घटला. आपल्याकडेही हा उपाय मान्य आहे. मात्र ओली बाळंतीण तासन्‌तास बसणार कशावर? तिला कक्षात खुर्ची लागते, जेवण लागते. (बाप म्हणविणाऱ्यांनीही छाती द्यायला हरकत नाही!)

कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी विचाराव्यात : नवजात कक्षातील मंजूर पदे किती व भरलेली किती, रात्रपाळीला एका परिचारिकेकडे किती बाळे असतात, आणि आईच्या बसण्याची सोय काय. अर्ज देण्यापूर्वी तेथील परिचारिकांना भेटा. त्यांना वाटता कामा नये की आपण त्यांच्यावर बोट ठेवण्यास आलो आहोत. उत्तरे जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीआधी हाती यावयास हवीत. तेव्हा अर्ज याच आठवड्यात जाऊ द्या.