काटेरी तारांची शिकवण



राष्ट्राच्या जीवनात अभिमानाचे क्षण असतात, तसे मान खाली घालायला लावणारे प्रसंगही असतात. पहिल्यांची स्मारके सर्वत्र उभी राहतात. दुसऱ्यांची उभारण्यास मनाचे धैर्य लागते. लॉस एंजेलिस येथील जपानी अमेरिकन राष्ट्रीय संग्रहालय हे अशा धैर्याचे उदाहरण होय.

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ काढला आणि जपानी वंशाच्या १,२०,००० हून अधिक लोकांना घरदार, शेती, दुकाने सोडून छावण्यांत जावे लागले. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. ना आरोप, ना खटला! १९४४ साली कोरेमात्सु खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही सरकारचीच बाजू उचलून धरली. त्याच वेळी या समाजातील तरुणांची ४४२ वी पलटण अमेरिकेसाठी युरोपात रक्त सांडत होती आणि त्यांतील अनेकांचे आईवडील तारांच्या आड होते.

हे संग्रहालय १९९२ साली एका जुन्या बौद्ध मंदिराच्या वास्तूत खुले झाले. १९४२ मध्ये याच वास्तूजवळून कुटुंबांना बसगाड्यांत बसवून नेण्यात आले होते. शाळकरी मुलांना येथे माहिती देणाऱ्या स्वयंसेवकांत छावणीत बालपण गेलेले वृद्धही असत. हातात मावेल तेवढेच सामान नेण्याची मुभा होती, हे ऐकताच ‘आपण काय घेतले असते?’ हा प्रश्न मुलाच्या मनात आपोआप उभा राहतो. शंभर पाठांनी न होणारा संस्कार त्या एका प्रश्नाने होतो.

१९८८ साली अमेरिकेने कायदा करून क्षमा मागितली आणि हयात पीडितांना प्रत्येकी २०,००० डॉलर दिले. त्याने ते राष्ट्र लहान झाले नाही.

भारतातही २५ जून १९७५ ची रात्र आली. आणीबाणीत लाखाहून अधिक माणसे विनाचौकशी गजाआड गेली. येरवड्यात संघाचे स्वयंसेवक आणि समाजवादी एकत्र होते. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धांना दाद नाकारली. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. त्यांचे मत २०१७ साली योग्य ठरले.

मिसाबंदींची ती पिढी आता झपाट्याने विरळ होत आहे. तुरुंगातून आलेली पत्रे, रोजनिश्या कित्येक घरांतील ट्रंकांत पडून आहेत. ती बाहेर काढावीत, सांगणारे आहेत तोवर नातवंडांना त्यांच्यापुढे बसवावे. मात्र केवळ आपल्यावरील अन्यायाची उजळणी पुरेशी नाही. ज्याचा विचार पटत नाही, ज्याचे कुळ वेगळे आहे, त्यालाही चौकशीविना कोंडता येणार नाही, हे मुलांना उमगले, तरच त्या कारावासाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.