सात मुलं कमी पडली
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मला 'आठवणी' या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. आठवणी माझ्याकडेही आहेत. मधल्या सुट्टीत गेटबाहेर मिळणारी बोरं, इतिहासाच्या तासाला मागच्या बाकावर चालणारी चिठ्ठ्यांची ने-आण, सहामाहीत गणितात मिळालेले एकोणीस मार्क आणि पेपरवर आईची सही घेण्याऐवजी मी स्वतः केलेली सही. (बाई, तुम्ही ती ओळखली होती आणि घरी सांगितलं नाही, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.) पण या सगळ्यावर इतर मंडळी बोलणार आहेत आणि माझ्यापेक्षा छान बोलतील. मी गेल्या सव्वा वर्षातलं सांगते.

सप्टेंबर २०२४ च्या आधी मी शाळेच्या दारात किती वर्षांत आले नव्हते, हे सांगायला लाज वाटते. पुण्याहून नागपूरला परत आल्यालाच सात वर्षं झाली होती. ऑफिस मिहानमध्ये, घर तिकडेच; इकडे यायचं कारण पडत नव्हतं. कारण घडलं ते माझ्या स्वयंपाकघरात. माझ्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंची मुलगी आपल्या शाळेत सातवीला होती. एक दिवस त्या म्हणाल्या, "ताई, गणिताच्या मॅडम जाऊन राहिल्या म्हणे. पोट्टे कमी पडले म्हणून."

मला वाटलं, बदली असेल. अनुदानित शाळेत अशी बदली होत नाही, तिथे शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो, हे मला मुख्याध्यापकांनी सांगितलं. खाजगी कंपनीत माणसाला काढतात तसं काढत नाहीत. पटावर मुलं किती, त्यावरून शिक्षकांची पदं किती, हे दरवर्षी 'संच मान्यते'त ठरतं. पट कमी झाला की पद जातं आणि पदावरचं माणूस दुसऱ्या शाळेत समायोजनासाठी पाठवतात. आपल्या मॅडमना रामटेककडची एक शाळा मिळाली. रोज जाऊन-येऊन शंभर किलोमीटर. त्यांचा पगार सुरू राहिला, म्हणून सरकारी कागदावर यात कुणाचंच नुकसान नव्हतं. सातवीच्या मुलांना ऑक्टोबरपासून गणित कोण शिकवणार, हा रकाना त्या कागदावर नव्हता.

पहिल्या पालकसभेला मी ताईंसोबत गेले, रविवारी सकाळी. आपल्या वरच्या मजल्यावरच्या चित्रकलेच्या खोलीत साठेक पालक होते. ऑटो चालवणारे, बांधकामावर जाणारे, भाजीचा ठेला लावणारे, दोघे-तिघे कळमन्याच्या बाजारात हमाली करणारे. अर्ध्याहून जास्त बाया. मुख्याध्यापकांनी सांगितलं की पद टिकायला जेवढा पट लागतो त्याला सात मुलं कमी पडली. तेव्हा एक ऑटोवाले दादा उठले आणि म्हणाले, "सर, सात कमी कशे? माझा पोरगा धरून सगळे वर्गात बसून तर राहिले."

त्यांचं बरोबर होतं. वर्गात मुलं होती. पण संच मान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात, आणि त्यातही ज्या मुलांचं आधार ऑनलाइन पडताळणीत वैध ठरलं तीच मोजतात. आपल्या शाळेतली अकरा मुलं अवैध होती. रोज हजेरीला 'उपस्थित' म्हणणारी अकरा मुलं.

इथे माझ्या धंद्याबद्दल दोन शब्द. मी गेली वीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिते, आणि त्यातली बरीच वर्षं मी नेमकं हेच काम केलं आहे: दोन याद्या जुळवायच्या, जुळल्या तर हिरवं, नाही तर लाल. नाव, जन्मतारीख, लिंग. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की लाल. लाल झालेल्या नोंदींना आम्ही 'रिजेक्ट' म्हणतो आणि त्यांची टक्केवारी दर सोमवारी मीटिंगमध्ये दाखवतो. दोन टक्के असली तर टाळ्या पडतात. त्या दोन टक्क्यांत कोण असतं, हे मी वीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

त्या रविवारी ते मला दिसलं. एका मुलीच्या आधारवर तिच्या नावाआधी 'कुमारी' छापलं होतं आणि यंत्राला ते तिचं नाव वाटत होतं. एका मुलाची जन्मतारीख १ जानेवारी, कारण आधार काढताना आईला तारीख आठवली नाही आणि समोरच्याने ती टाकून दिली. शाळेच्या दाखल्यावर ऑगस्ट. दोघं भाऊ छिंदवाड्याकडचे, जन्माची नोंद तिकडच्या गावी, वडिलांचं आडनाव दोन कागदांवर दोन प्रकारचं. एका मुलीला आधारने मुलगा करून टाकलं होतं. तिची आई हसत हसत सांगत होती आणि मध्येच रडायला लागली.

मी लॅपटॉपवर एक तक्ता केला: कोणाचं काय चुकलं, कोणता कागद लागेल, कोण सोबत जाईल. माझं योगदान एवढंच. बाकी सगळं पालकांनी केलं. दुरुस्तीचे पैसे तेव्हा थोडे होते, पन्नास रुपये. पण केंद्रावर रांगेत गेलेल्या दिवसाची मजुरी पाचशे-सहाशे, आणि पहिल्या खेपेत काम झालं असं एकदाही झालं नाही. जन्मतारीख आधारवर एकदाच बदलता येते, म्हणून आधी दाखला पक्का करून मग जायचं. हे मी नाही, त्या भाजीवाल्या मावशींनी सगळ्यांना बजावलं, कारण त्यांच्या मोठ्या मुलाच्या वेळी ती चूक झाली होती. छिंदवाड्याच्या भावांसाठी ऑटोवाले दादा त्यांच्या वडिलांसोबत स्वतः तिकडे जाऊन आले. डिसेंबरपर्यंत अकरापैकी नऊ नावं दुरुस्त झाली. तोवर तारीख उलटून गेली होती आणि मॅडम रामटेककडे रुजू झाल्या होत्या.

त्याच डिसेंबरात अधिवेशन आलं. आपण नागपूरचे, अधिवेशन म्हणजे रस्ते बंद आणि शाळेला उशीर, एवढाच आपला त्याच्याशी लहानपणापासूनचा संबंध. यशवंत स्टेडियमजवळ दरवर्षी मंडप टाकून बसणारे विनाअनुदानित शाळांचे शिक्षक मी कॉलेजला जाताना बसच्या खिडकीतून पाहायची. २०२४ ला मी खिडकीच्या या बाजूला होते. आपल्या शाळेचे चाळीसेक पालक शिक्षकांच्या मोर्चात सामील झाले. निवेदन दिलं गेलं, स्वीकारलं गेलं. पुढे काही नाही.

मागण्या फार मोठ्या नव्हत्या. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संच मान्यतेचे निकष बदलले. सहावी ते आठवीला वीसपेक्षा कमी मुलं असतील तर एकही शिक्षक नाही, अशी त्यातली एक अट राज्यभर गाजली. त्याच सप्टेंबरात, लहान शाळांवर दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी नेमायचा निर्णय आला आणि २५ तारखेला शिक्षक सामुदायिक रजेवर गेले. तो निर्णय पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये मागे घेतला गेला. ओरडलं की काही गोष्टी मागे जातात, हे त्यातून पालकांनी बरोबर टिपलं.

मी घरी आल्यावर जुने शासन निर्णय वाचत बसायचे. नवरा म्हणायचा, तू आता एमपीएससी देणार का? पण वाचता वाचता आपली शाळा मला वेगळी दिसायला लागली. आज तुम्ही आलात तेव्हा एक गोष्ट जाणवली का? घंटा विजेची आहे. आपले शिपाई मामा निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. ११ डिसेंबर २०२० च्या निर्णयाने शिपायाचं पदच रिकामं होईल तसं संपवायचं ठरलं आणि त्याऐवजी शाळेला भत्ता. नागपूरसारख्या महापालिकेच्या शहरात महिन्याला साडेसात हजार. त्यात जो माणूस मिळेल त्याने झाडायचं, पाणी भरायचं आणि टपालही न्यायचं. प्रयोगशाळेत आपल्या काळचीच तराजूची पेटी आहे, कारण वेतनेतर अनुदान, म्हणजे खडू, वीजबिल, दुरुस्ती यांचे पैसे, २००४ पासून काही वर्षं बंदच होते. २०१३ ला सुरू झाले तेही जुन्या वेतनाच्या हिशेबाने. त्याआधी २०१२ च्या मे महिन्यात शिक्षकभरती थांबवली होती. एकदम कुणी शाळा बंद केली नाही. एकेक माणूस, एकेक खोली कमी होत गेली, आणि प्रत्येक वेळी आपण कुठेतरी दुसरीकडे होतो.

'आपण' म्हणतेय, पण मी माझंच सांगते. दुसऱ्या पालकसभेत मी जरा उत्साहाने बोलत होते. मराठी शाळा, पट वाढवू, घरोघरी जाऊ. तेव्हा एका बाईंनी, अगदी साध्या सुरात, विचारलं, "मॅडम, तुमची पोरगी कोणत्या शाळेत हाय?"

माझी मुलगी सीबीएसईच्या इंग्रजी शाळेत आहे. मी ते सांगितलं. कुणी काही बोललं नाही. त्या बाईच म्हणाल्या, "आमचीबी पाठवली असती, पैसे असते तर." आणि विषय पुढे गेला. माझा नाही गेला. आपल्या बॅचच्या ग्रुपवर एकोणपन्नास जण आहोत. मी एकेकाला फोन करून विचारलं. एकाचंही मूल या शाळेत नाही. सात मुलं कमी पडली म्हणते मी. ती सात मुलं आपल्याच घरांत आहेत.

हे आरोप म्हणून बोलत नाही. निवड करायची वेळ आली तर मी आजही कदाचित तीच करीन, आणि हेच मला सतावतं. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने नियम केला होता की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला पंचवीस टक्के मोफत प्रवेशातून सूट. म्हणजे गरिबाची मुलं आपोआप आपल्यासारख्या शाळेत आली असती आणि आपला पट वाढला असता. राज्यातले पालक आणि संघटना त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेल्या आणि जुलैत तो नियम रद्द झाला. आपल्या पालकांना मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ऑटोवाले दादा म्हणाले, "बरं झालं रद्द झाला. आमच्या पोट्ट्यांनी शाळा वाचवायसाठी शिकायचं का?" याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

आता पैशांचं. गेल्या जानेवारीपासून आपल्यापैकी सव्वीस जण मिळून तासिकेवर गणित शिकवणाऱ्या एका तरुण शिक्षिकेचं मानधन देतो, महिन्याला बारा हजार. वर्गणी जमवणं सोपं गेलं. पालकांनी ती घेणं सोपं नव्हतं. सभेत सरळ प्रश्न आला: "तुम्ही देऊन राहिले तर सरकार म्हणेल, चालून तर राहिलं ना. मंग पद कशाला देतील?" दीड तास वाद झाला. काही जण उठून गेले. शेवटी तोडगा पालकांनीच काढला. पैसे घ्यायचे, कारण सातवीचं वर्ष परत येत नाही. पण दर महिन्याच्या पावतीसोबत कार्यालयाला पत्र द्यायचं की सरकारने द्यायचा पगार या महिन्यात लोकांनी दिला, पद द्या. अशी अकरा पत्रं गेली आहेत. पोच घेतलेल्या प्रती पालकांनी एका फाइलमध्ये लावल्या आहेत, प्रत्येकीवर शिक्का. ती फाइल बाहेर टेबलावर ठेवली आहे, फोटोंच्या अल्बमच्या शेजारी. अल्बमआधी ती बघा अशी विनंती.

यंदा ३० सप्टेंबरला सगळी नावं वैध होती. छिंदवाड्याचे दोघे भाऊही. शिवाय वाठोडा, खरबीकडून पालकांनी स्वतः फिरून पाच नवी मुलं आणली. मुख्याध्यापक म्हणतात, पद परत मिळायला हवं. मिळेल तेव्हा मिळेल; आणि मंजूर पद व वर्गात उभा शिक्षक यांच्यामध्ये पवित्र पोर्टल आहे, त्यात किती महिने जातात हे इथले सर जाणतात. पण १९८१ च्या नियमावलीत एक तरतूद आहे, ती मला एका निवृत्त सरांनी दाखवली. ते समोर बसले आहेत, नाव घेतलेलं त्यांना आवडणार नाही. अतिरिक्त ठरून गेलेल्या शिक्षकाचं पद मूळ शाळेत पुन्हा निर्माण झालं, तर संस्थेने त्याला नोंदणीकृत पत्राने आधी बोलवायचं असतं. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, पत्र आलं तर येईन, मुलाच्या शाळेचं वर्ष संपू द्या फक्त.

तर येत्या सोमवारी अकरा वाजता पालक बारावं पत्र द्यायला जाणार आहेत. ज्यांची परतीची तिकिटं मंगळवारची आहेत त्यांनी यावं. शाळेच्या गेटपासून साडेदहाला निघू, दोन ऑटो आहेत, गाड्या आणू नका, तिथे लावायला जागा नाही. तासिकेवरच्या मॅडमच्या मानधनाला एप्रिलपर्यंतचे पैसे आहेत, पुढच्यासाठी वही खजिनदारांकडे. आणि जेवण तयार झाल्याची खूण मागून मला तीनदा झाली आहे. पाटवडी रस्सा आहे, गार करू नका.