गुपिताचे भागीदार



अमरावतीत उभे राहून रंगभूमीवरील दुष्टाविषयी बोलावयाचे आणि वीर वामनराव जोशी यांचे स्मरण करावयाचे नाही, हे मला कृतघ्नपणाचे वाटते. कारण आपल्या एका गाजलेल्या नाटकाला नायकाच्या सद्गुणावरून नाव न देता ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ असे दुर्गुणाचेच नाव देणारा हा नाटककार याच शहराचा होता. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला. नाट्यगृहाची जागा घरातील दूरचित्रवाणीने घेतली. पण दुष्टाकडे खिळून राहणारी आपली दृष्टी मात्र तीच राहिली. या दृष्टीचीच आज मला आपल्यासमोर निर्भीडपणे चौकशी करावयाची आहे, आणि ती चौकशी माझ्या स्वतःच्या घरापासून सुरू केली पाहिजे.

फेब्रुवारी 2021 मध्ये करोनाच्या वाढत्या रुग्णसंख्येमुळे अमरावती आणि अकोला येथे पुन्हा टाळेबंदीचा हुकूम निघाला, तेव्हा मी अकोल्यास जठारपेठेत मावशीकडे अडकून पडलो होतो. रात्री जेवणे उरकली की सारे घर झी मराठीवरील ‘देवमाणूस’ या मालिकेपुढे बसे. ज्या दिवसांत खऱ्या डॉक्टरांच्या एका शब्दासाठी माणसे जीव मुठीत धरून दवाखान्यांच्या दारांत उभी होती, त्याच दिवसांत एक बनावट डॉक्टर गावाचा विश्वास संपादन करून, बायकांना नादी लावून, त्यांचे दागिने आणि प्राण हरण करतो, ही कथा आम्ही श्वास रोखून पाहत होतो. आणि एके रात्री, पोलीस अधिकारी दिव्या सिंग त्याच्या दाराशी येऊन ठेपली असता, आयुष्यभर एकादशी न चुकविलेली माझी मावशी अभावितपणे उद्गारली, “पय ना बाप्पा, आली थे!”

ती पकडणारी अधिकारी साकारणारी नेहा खान ही आपल्या अमरावतीची मुलगी. आपल्या गावच्या लेकीने खुन्याला पकडावे यात आम्हां वऱ्हाडकरांना अभिमान वाटावयाचा, तर तिच्या पावलाच्या आवाजाने आमच्याच छातीत धडधड व्हावी, हे कसे झाले?

तो बनावट डॉक्टर साकारणाऱ्या किरण गायकवाड या नटाच्या लोभस चेहऱ्याचा आणि मिठ्ठास बोलण्याचा हा परिणाम, असे उत्तर सहज दिले जाते. त्यात तथ्य आहे. परंतु देखणे सज्जनही मालिकांत पुष्कळ असतात आणि त्यांच्यासाठी कोणी असे कासावीस होत नाही. माझ्या मते खरे कारण गुपिताच्या वाटणीत आहे. सारे गाव ज्याला देवमाणूस म्हणते तो खुनी आहे, ही गोष्ट त्या कथेत प्रथम दोघांनाच ठाऊक असते: त्याला आणि आपल्याला. मरणाऱ्या बाईला जे ठाऊक नसते ते आपल्याला ठाऊक असते. त्याने पुरावा कोठे दडविला, उद्या कोणती थाप मारणार, हे सारे तो जणू आपल्यापाशी बोलूनच ठरवितो. ज्याचे गुपित आपल्या पोटात आहे त्याचे गुपित फुटू नये असे वाटणे हा मनुष्यस्वभाव आहे, आणि या स्वभावाचा कथाकार मोठ्या कौशल्याने उपयोग करून घेतो. ‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकन मालिकेत कर्करोगाने ग्रासलेला रसायनशास्त्राचा शिक्षक मादक द्रव्य तयार करू लागतो. त्याला अडविणाऱ्या पत्नीचा प्रेक्षकांनी इतका द्वेष केला की ती भूमिका करणाऱ्या अॅना गन हिला 2013 साली न्यू यॉर्क टाइम्समध्ये त्याविषयी लेख लिहावा लागला. माझ्या मावशीचा उद्गार आणि तो द्वेष यांचे मूळ एकच.

साहित्यसम्राट न. चिं. केळकर यांनी वाङ्मयानंदाची मीमांसा करताना ‘सविकल्प समाधी’ ही संज्ञा योजिली. वाचक परक्या भूमिकेत शिरतो, पण आपली भूमिका सोडीत नाही, आणि या दुहेरीपणातच आनंद असतो, असे त्यांचे म्हणणे. मला ते मनापासून पटते. मात्र केळकरांच्या पुढे नाटके आणि पुस्तके होती. तीन-चार तासांनी पडदा पडे आणि टांग्यातून घरी जाताना प्रेक्षक पुन्हा आपल्या भूमिकेत येई. ऑगस्ट 2020 ते ऑगस्ट 2021 असे जवळजवळ वर्षभर, रात्रीमागून रात्री, जो इसम आपल्या माजघरात येऊन बसतो, त्याच्या बाबतीत समाधी तेवढी उरते आणि विकल्प झिजत जातो.

म्हणून दुष्टाच्या कथा लिहूच नयेत काय? मुळीच नाही. आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ 1962 साली रंगभूमीवर आले. खऱ्या फौजदारी खटल्याचा आधार असलेले हे नाटक. आणि प्रभाकर पणशीकरांनी साकारलेला, बायकांना फसविणारा लखोबा लोखंडे न्यायालयात आपली कैफियत मांडू लागला की प्रेक्षागृह त्याच्या हजरजबाबीपणावर लुब्ध होई. पण त्या फिरत्या रंगमंचावर अत्र्यांनी एक पथ्य कटाक्षाने पाळले. नाडल्या गेलेल्या स्त्रिया साक्षीदार म्हणून येतात, जबानी देतात, आणि त्यांची हकीकत आपल्या डोळ्यांसमोर घडते. लखोबाला नाटक मिळाले, तसे त्यांनाही मिळाले. त्याच्यावर लुब्ध झालेला प्रेक्षक पुढच्याच प्रवेशात त्यांच्या वतीने संतप्त होतो.

‘देवमाणूस’ ज्या घटनेवरून सुचली असे सांगितले जाते, ती तर नाटकाहून दारुण. ऑगस्ट 2016 मध्ये वाईजवळच्या धोम येथे जमिनीतून मृतदेह उकरून काढले गेले आणि डॉक्टर म्हणविणाऱ्या एका इसमावर सहा खुनांचा आरोप आला. मृतांमध्ये अंगणवाडी सेविकांच्या संघटनेत काम करणारी एक बाई होती. गावोगावच्या अंगणवाडीत पोरांची वजने करणारी, मानधनासाठी मोर्चे काढणारी अशी बाई आपल्या मेळघाटात किंवा अकोटात कोणी पाहिली नाही? तिच्यासाठी मालिकेचे किती भाग खर्ची पडावेत, हा प्रश्न मला नायकाच्या नीतिमत्तेपेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

मावशीच्या त्या उद्गारानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी, ती तुळशीला पाणी घालून आली असता, मी तिला विचारले की मालिकेत गेल्या आठवड्यात त्या डॉक्टरने जिला मारले तिचे नाव काय होते. ती पुष्कळ वेळ आठवीत राहिली. मग हातातला तांब्या तसाच धरून तिने मलाच विचारले, “तिले लेकरू होतं काय रे?” मला सांगता आले नाही.