एका पाण्यातील शेजारी

(मंडळाच्या सभासदांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यान म्हटले की संत, शाहीर आणि शिवछत्रपती असे विषय डोळ्यांपुढे येतात. मी मात्र आपल्यापुढे काचेच्या पेटीतील मासे घेऊन उभा आहे. विषय किरकोळ वाटेल. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या दिवाणखान्यात अशी पेटी आहे, आणि तिच्यातील मासा सकाळी उलटा तरंगताना दिसला की घरातील लहान मूल जे रडते, ते किरकोळ नसते.

‘शतपथ ब्राह्मणा’त मनूची कथा आहे. हात धुण्यासाठी आणलेल्या पाण्यातून एक चिमुकला मासा मनूच्या हाती आला आणि म्हणाला, “माझे रक्षण कर, आम्ही लहान असतो तोवर मासाच माशाला गिळतो.” मनूने त्याला घागरीत ठेवले. तो वाढला तेव्हा खड्ड्यात ठेवले, आणि तेथेही मावेना तेव्हा समुद्रात नेऊन सोडले. या कथेतील प्रलय आणि नौका आपल्या लक्षात राहते; परंतु मासे पाळणाऱ्याला उपयोगी असे दोन नियम आपण विसरतो. मासा माशाला खातो, हा पहिला. लहान मासा लहान राहत नाही, हा दुसरा. पहिल्या नियमालाच आपल्या राजनीतीत ‘मत्स्यन्याय’ म्हणतात. तो रोखण्यासाठी राजा हवा, असे कौटिल्य सांगतो. काचपेटीपुरते हे राजेपण आपल्याकडे येते.

मी ते प्रथम फार अडाणीपणे चालवले. लहानपणी सुटीत मुंबईस गेलो की १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय पाहिल्यावाचून आम्ही परतत नसू. तेथील रंग डोळ्यांत राहिले. निरनिराळे मासे निरनिराळ्या टाक्यांत का ठेवले आहेत, हा विचार मात्र कधी मनात आला नाही. पुढे मुलीच्या हट्टासाठी दोन फुटी पेटी घेतली आणि एकाच संध्याकाळी दहा निऑन टेट्रा, दोन एंजल, चार टायगर बार्ब, एक गोल्डफिश आणि काच साफ करणारा एक सकर असा सारा संसार तीत लोटला. “सगळे एकत्र नांदतात,” असे विक्रेत्याने सांगितले होते. मुलगी रोज सकाळी मासे मोजून वहीत आकडा लिही. निऑन दहाचे आठ झाले, आठाचे पाच झाले, आणि एंजल मात्र गुबगुबीत होत गेले. त्यांच्या लांब पंखांच्या टायगर बार्बनी चिंध्या केल्या. गोल्डफिश उन्हाळ्यात गेला. वही मिटताना मुलगी म्हणाली, “बाबा, त्यांचं जमत नाही हे तुम्हांला माहीत नव्हतं, तर त्यांना आणलं कशाला?” त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तेव्हापासून जे शिकलो, ते थोडक्यात सांगतो.

पहिली कसोटी पाण्याची. निऑन टेट्रा हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातील मासा. त्याला मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी मानवते. गप्पी, मोली, प्लॅटी यांना उलट जड, म्हणजे साबणाला सहज फेस न येणारे पाणी आवडते. बोअरचे पाणी बहुधा जड असते. तेव्हा घरातील पाणी आधी तपासावे आणि त्याला मानवणारे मासे आणावेत. माशांसाठी पाणी बदलत बसणे फार काळ निभत नाही.

दुसरी कसोटी उष्णतेची. गोल्डफिश मूळचा चीनमधील थंड पाण्याचा. वीस अंशांच्या आसपास तो सुखी असतो. एंजलला पंचवीस-सव्वीस अंश लागतात. या दोघांची एका पेटीत सोय करणे कोणालाच शक्य नाही. त्यात आपल्या भिलाईचा मे महिना! पाणी जितके तापते तितका त्यातील प्राणवायू घटतो. २० अंशांना एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात. म्हणून उन्हाळ्यात पेटीत गर्दी नको, आणि वीज गेली तरी चालेल असा हवेचा पंप जवळ असावा.

तिसरी कसोटी आकाराची, आणि तीही पूर्ण वाढ झालेल्या माशाच्या. जो मासा दुसऱ्याच्या तोंडात मावतो, तो आज ना उद्या त्याच्या पोटात जातो. एंजल वीतभर होऊ शकतो, निऑन दीड इंचावर थांबतो. माझ्या घरातील हिशोब यातच आला. दुकानात बोटाएवढा दिसणारा ऑस्कर फूटभर वाढतो. सकरही तसाच. मनूजवळ शेवटी समुद्र होता, आपल्याजवळ दोन फूट काच आहे.

चौथी कसोटी स्वभावाची. फायटरचे दोन नर एकत्र ठेवले तर ते एकमेकांना फाडतात. टायगर बार्ब आठ-दहांच्या थव्यात असला तर आपसांत खेळतो. दोन-चार असले तर शेजाऱ्यांचे पंख कुरतडतो. शिवाय कोणी पृष्ठभागाजवळ वावरतो, कोणी मध्ये, कोणी तळाशी. तिन्ही मजल्यांवर बिऱ्हाडे वाटून दिली, तर भांडणे कमी होतात.

दोन फुटी पेटीत साधारण ५४ लिटर पाणी मावते. नवख्याने तीत आठ झेब्रा डॅनिओ, बुटक्या गौरामीची एक नर-मादी जोडी आणि तळाशी पाच कुली लोच ठेवावेत. झेब्रा आणि बुटका गौरामी आपल्याच देशातले. कंपनी सरकारच्या नोकरीतील फ्रान्सिस हॅमिल्टन या डॉक्टराने गंगेच्या माशांवरील आपल्या ग्रंथात १८२२ साली दोघांचे वर्णन केले आहे. गौरामी पृष्ठभागावर येऊन हवाही घेतो, त्यामुळे आपला उन्हाळा त्याला सोसतो. मात्र सारे मासे एका दिवशी आणू नयेत. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो, आणि तो पचवणारे सूक्ष्म जंतू पेटीत वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर दोन-तीनच मासे असावेत. नळाचे पाणी दिवसभर उघडे ठेवून क्लोरिन उडाल्यावर घालावे, आणि दर आठवड्यास पाव हिस्सा बदलावे.

एक विनंती मात्र कळकळीची. वाढलेला सकर किंवा नको झालेला मासा तलावात किंवा शिवनाथेत सोडू नका. त्यात भूतदया नाही. अशाच सोडलेल्या सकरांनी आंध्र प्रदेश, केरळ, पश्चिम बंगाल येथील जलाशयांत ठाण मांडले आहे. तेथील कोळ्यांची जाळी ते फाडतात आणि त्यांना कोणी विकत घेत नाही. आपल्या पेटीतील चूक दुसऱ्याच्या पोटावर येते.

शेवटी एक गोष्ट सांगून आपली रजा घेतो. १९५५ च्या करारानंतर भिलाईत कारखाना उभा राहू लागला, आणि मराठी, बंगाली, मल्याळी, तेलुगू, पंजाबी माणसे छत्तीसगढी माणसांच्या शेजारी येऊन एका पाण्यावर राहू लागली. आपल्या मंडळाच्या गणपतीस त्या साऱ्यांची मुले येतात. पेटीतील माशांकडे पाहून आपल्यालाही असेच वाटते, की राहतील हळूहळू सवयीने. तेच चुकते. माणसाला परक्या गावचे पाणी मानवून घेता येते. केंद्र सरकारच्या नोकरीत बदलीच्या प्रत्येक हुकमाबरोबर मी ते केले आहे, आणि न मानवले तर अर्जही केला आहे. माशाला अर्ज करता येत नाही. आपल्या मैत्रीबागेचे नाव मैत्री असले, तरी तेथील पांढरा वाघ आणि हरिण वेगळ्या कुंपणात असतात, आणि त्यातच दोघांचे हित असते. मैत्री आपण माशांवर लादू शकत नाही. आणण्यापूर्वी निवड करणे एवढेच आपल्या हाती आहे.

माझ्या मुलीने पुढे नवी वही केली. गेल्या पावसाळ्यापासून तिच्यात एकच आकडा आहे: पंधरा.