डॉन क्विक्झोटचें मृत्युपत्र



वार्धक्यासरशी शहाणपण येतेंच असें नाहीं. सर्व्हांतेसचा डॉन क्विक्झोट पन्नाशीच्या सुमारास वेडा होतो! (आम्हां समवयस्कांनीं हें ध्यानांत ठेवावें.) मार खाऊन, दांत गमावूनहि तो ताळ्यावर येत नाहीं. १६१५ सालच्या दुसऱ्या भागाच्या शेवटीं मात्र ज्वरानें अंथरुणास खिळलेला हा वीर दीर्घ झोंपेंतून ईश्वराचे आभार मानीत जागा होतो, आणि वेड गेलेलें असतें. धर्मगुरूजवळ पापनिवेदन करून तो मृत्युपत्र सांगतो. घर सांभाळणाऱ्या बाईस राहिलेलें वेतन द्यावें, शिवाय पोशाखासाठीं वीस डुकाट. सेवक सांचोकडील पैशांचा हिशेब कोणीं मागूं नये. वेडाच्या भरांत ज्याला बेटाचें राज्य देऊं केलें होतें, त्याचें घामाचें देणें शुद्धीवर येतांच आठवलें! आपल्यापायीं त्यालाहि लोकांनीं वेडा म्हटलें, म्हणून तो त्याची क्षमा मागतो. सांचो मात्र रडत विनवितो कीं, मरूं नका, उठा, ठरल्याप्रमाणें मेंढपाळ होऊन रानांत जाऊं.

हें लिहिणाराहि त्याच वाटेवर होता. १८ एप्रिल १६१६ रोजीं त्याला अंत्याभ्यंग मिळाला. दुसऱ्या दिवशीं त्यानें अखेरच्या कादंबरीची अर्पणपत्रिका आपल्या आश्रयदात्याच्या नांवें लिहिली. चार दिवसांनीं माद्रिदमध्यें त्याचें दफन झालें.